रत्नागिरीचा बेंजो आणि आजीचे पातळ

कोकणातला माणूस मुंबईत कितीही वर्षे राहिला तरी त्याचा एक पाय गावच्या वाडीतच असतो. आमचेही तसेच आहे. आम्ही मुंबईत एका कचेरीत कारकून. शिक्षण बी.कॉम., त्यामुळे वाडीच्या मुंबई मंडळाचे हिशेब गेली अकरा वर्षे आमच्याच गळ्यात आहेत. विहाराचे पत्रे, वह्यावाटप, जयंतीची वर्गणी, आजारपणाची मदत असे नाना तऱ्हेचे खर्च आजवर लिहिले. परंतु जानेवारी २०२५ च्या सभेत गावाहून जो अर्ज आला, तो कोणत्या खात्याला टाकावा हे आम्हांस कळेना.

अर्ज वाडीतल्या कॉलेजात शिकणाऱ्या पाच मुलामुलींचा होता. त्यांनी लिहिले होते की, वाडीच्या बेंजो ग्रुपने माता रमाईवर नवे गाणे बसविले आहे. त्याचा व्हिडिओ करावयाचा आहे. कॅमेरा, दिग्दर्शन, जोडकाम सर्व आम्हीच करणार. १४ एप्रिलपूर्वी गाणे लोकांपुढे यावे, सबब रुपये १५,००० ची मदत व्हावी.

सभेत वाद झाला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "नाचगाण्याला मंडळाचा पैसा कशाला? पोरांना पुस्तके घेऊन द्या." त्यावर दुसरे म्हणाले, "१९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरले नसते तर आपल्या अडाणी बापजाद्यांपर्यंत बाबासाहेबांचा विचार कुणी नेला असता? वामनदादा कर्डक काय पुस्तक वाटत फिरत होते?" शेवटी ठरले की पैसे द्यावेत, पण खजिनदाराने स्वतः जाऊन पोरांचा बेत पाहावा. खजिनदार म्हणजे आम्ही.

७ फेब्रुवारीला रमाई जयंतीचा कार्यक्रम आटोपून आम्ही दादरला मध्यरात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडली. केशवसुतांच्या कवितेवरून या गाडीला नाव दिले आहे, आणि केशवसुत रत्नागिरी तालुक्यातल्या मालगुंडचे. म्हणजे गाण्याच्या कामाला आम्ही कवितेच्या गाडीने निघालो. सकाळी स्टेशनवर उतरलो तर पाचही मुले हजर. हातात शंभर पानी वही, गळ्यात कुणाकडून तरी मागून आणलेला कॅमेरा. दिग्दर्शन करणारी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, आई आंब्याच्या बागेत मजुरीला जाते. आम्ही तिला तायडी म्हणतो.

बेंजो म्हणजे काय, हे कोकणात सांगावे लागत नाही, पण विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांसाठी सांगतो. लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या असतात आणि त्यांवर टंकलेखन यंत्रासारखी बटणे. डाव्या हाताने बटण दाबायचे, उजव्याने तार छेडायची. मूळ वाद्य जपानचे. १९१२ च्या सुमारास तिकडे ते ताईशोगोतो नावाने निघाले, आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झाले आणि लग्नाच्या वरातीत, शिमग्यात, जयंतीच्या मिरवणुकीत विजेवर वाजू लागले. सोबत ढोलकी, ताशा आणि आता इलेक्ट्रिक पॅड. २०१६ साली रवी जाधव यांनी 'बॅन्जो' नावाचा हिंदी चित्रपटही या कलावंतांवर काढला. परंतु मिरवणूक संपली की बेंजोवाल्याचे नाव कुणी विचारीत नाही. आमच्या ग्रुपमध्ये एक रिक्षा चालवितो, दोघे मिरकरवाड्याच्या बंदरावर बर्फ फोडतात, एक रंगारी आहे. गाणारी मुलगी बारावी झालेली. ढोलकीवाले अण्णा साठीचे.

गाणे जुने घ्यायचे की नवे, यावर मुलांनी चांगला विचार केला होता हे पाहून आम्हांस समाधान वाटले. आधी त्यांना वामनदादांचे गाणे घ्यायचे होते. मग त्यांनी कायदा पाहिला. कवीच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या रचनेचा हक्क वारसांकडे राहतो. वामनदादा २००४ साली गेले, म्हणजे हक्क २०६४ अखेरपर्यंत. कॅसेटवरचा आवाज घ्यायचा तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क निराळा. म्हणून बर्फ फोडणाऱ्यांपैकी एकाने स्वतःच गाणे लिहिले. रमाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा, आपल्याच जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातील वणंदचा. त्यांचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. टोपली वाहणाऱ्या बापाचे दुःख बंदरावरच्या पोराने लिहिले आहे, त्यामुळे शब्द साधे असूनही मनाला भिडतात.

जागांची पाहणी

पहिल्या दिवशी मुलांनी आम्हांस रत्नागिरी दाखविली. जन्म जिल्ह्यातला असूनही हे शहर आम्ही असे कधी पाहिले नव्हते. आमची रत्नागिरी म्हणजे एस.टी. स्टँड, कलेक्टर कचेरी आणि सिव्हिल हॉस्पिटल.

पहिल्यांदा थिबा पॅलेस. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवले. हा वाडा बांधून पुरा झाला तो १९१० च्या सुमारास, आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा येथेच वारला. तीस वर्षे बंदिवासात काढलेल्या बौद्ध राजाला त्या वाड्यात जेमतेम सहाएक वर्षे लाभली. वाडा जांभ्या रंगाचा, उतरत्या छपरांचा, रंगीत काचांचा. मागल्या बाजूने भाट्याची खाडी दिसते. राजाच्या थोरल्या मुलीची मुलगी टुटू रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलली आणि गरिबीत जगली. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन राजाच्या समाधीला वंदन करण्यास येथे आले होते. बाबासाहेब १९५४ साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. त्या देशाचा राजा आमच्या जिल्ह्यात मातीआड झाला आहे, हे आम्ही आमच्या मुलांना कधी सांगितले होते? आम्हांस स्वतःचीच लाज वाटली.

मुलांना वाड्याच्या पायऱ्यांवर बेंजो ठेवून चित्रण करायचे होते. परंतु ही संरक्षित वास्तू. चित्रणास पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते आणि अर्ज आधी द्यावा लागतो. तायडीने वहीत लिहिले, "पॅलेस बाद. बाहेरच्या रस्त्यावरून फक्त छप्पर." एका मुलाला मित्राचा ड्रोन आणायचा होता. आम्ही नियम विचारले. त्याने वाचलेले होते. २०२१ च्या ड्रोन नियमांत आकाशाचे लाल, पिवळे, हिरवे असे भाग पाडले आहेत. रत्नागिरीत तटरक्षक दल असलेला विमानतळ आहे, तेव्हा नकाशा पाहिल्यावाचून ड्रोन उडवणे म्हणजे पोलीस ठाण्याची वाट. ड्रोनही बाद झाला. हिशेबनिसाला बाद हा शब्द नेहमीच गोड लागतो.

मग समुद्र. रत्नागिरीत दोन समुद्र आहेत असे लोक म्हणतात. मांडवीचा काळा समुद्र आणि मिऱ्याकडचा पांढरा समुद्र. पाणी तेच, रेती निराळी. आम्हांस हा नुसता गमतीचा भाग वाटला होता, पण तायडीने त्यातून कपड्यांचा धडा दिला. ती म्हणाली, "काका, काळ्या रेतीवर पांढरा शर्ट उठून दिसतो. पांढऱ्या रेतीवर पांढरा घातला तर माणूस नुसता प्रकाशात विरघळतो. भर दुपारी तर पांढऱ्या कपड्यावरची घडीसुद्धा दिसत नाही. आणि बारीक रेघांचा शर्ट कुणीच घालायचा नाही, कॅमेऱ्यात त्या रेघा थरथरतात." आमच्या अंगात नेमका बारीक रेघांचा शर्ट होता. आम्ही गुपचूप कॅमेऱ्यामागे उभे राहिलो.

शेवटी जांभ्याचा सडा. लांबवर तांबडाकाळा कातळ, मध्येच सुकलेले गवत. अशाच सड्यांवर आदिमानवाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. उक्षी आणि जांभरुण ही रत्नागिरी तालुक्यातलीच गावे, आणि तिथली चित्रे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. एका मुलाचे म्हणणे, हत्तीच्या चित्रावर उभे राहून ढोलकी वाजवू. अण्णांनी त्याला थांबवले. "ज्यानं कोरलं त्याचं नाव राह्यलं नाय, निदान काम तरी राहू दे." ठरले असे की जिथे कोरीव काम नाही अशा साध्या सड्यावर जायचे. तांबड्या कातळावर निळा रंग जसा खुलतो तसा दुसरा कुठलाच नाही. निळा रंग आपण झेंड्यावर पाहतो, पण तो डोळ्यांना का पकडतो याचे उत्तर त्या संध्याकाळी सड्यावर मिळाले.

कोट आणि पातळ

रात्री विहारात बैठक बसली. तायडीने वहीतली चित्रे दाखविली. प्रत्येक चौकटीत एक प्रसंग, शेजारी कपडे, जागा, वेळ. पहिल्या भागात म्हातारी बाई, फाटके लुगडे, गुडघ्यापर्यंत खोचलेले, डोक्यावर शेणाची पाटी. शेवटच्या भागात बेंजोवाले भाड्याच्या निळ्या कोटात, काळे चष्मे, भाड्याची मोटार. मध्ये संघर्ष. म्हातारीच्या कामासाठी तिने आपल्याच आजीला नेमले होते.

आजी ऐंशीच्या पुढे. कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिने विचारले, "फाटकं कुठनं आणणार?"

तायडी म्हणाली, "आणायचं कशाला, आजी? तुझंच जुनं पातळ फाडू. जरा मळवू. खरं वाटलं पाहिजे ना."

आजी म्हणाली, "मी नाय नेसणार."

पोरे हसली. त्यांना वाटले आजी लाजते. मग आजीने सांगितले. तिची सासू दहा-बारा वर्षांची असताना आईबरोबर महाडला चालत गेली होती. डिसेंबर १९२७ ची ती परिषद. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात. मनुस्मृती जाळली गेली ते आपल्या सर्वांना पाठ आहे. पण त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी निराळे बोलले. अस्पृश्य म्हणून ओळखू येईल असे नेसणे सोडा, लुगडे घोट्यापर्यंत येईल असे इतर बायांसारखे नेसा, अंगावर चांदीकथलाचे ओझे घालू नका, मुलींना शाळेत घाला, अशा अर्थाचे ते बोलणे होते. आणि तिथल्या तिथे बायांनी नेसण बदलली.

"सासू सांगायची," आजी म्हणाली, "तिची आय गावात परत आली तर पायघोळ लुगडं बघून खोतानं इचारलं, कुठल्या राणीचं राज्य आलं? आय खाली बघत चालली, पण लुगडं वर नाय घेतलं. गरिबी व्हती. एकच लुगडं व्हतं, तेच धुवून नेसायची. पण फाटलं तर शिवून नेसायची गो. तू आता ते माझ्याच हातानं फाडाय सांगतेस. कॅमेऱ्यात बघणारा काय म्हणंल? म्हणंल, अशीच असतात ही."

विहारात कुणी बोलेना. तायडी वहीकडे पाहत राहिली. खरे सांगायचे तर दोष तिचा एकटीचा नव्हता. आपल्या माणसांवरचे चित्रपट पाहा, बातम्या पाहा, आपले अंगण म्हटले की चिखल आणि फाटके कपडे. पोरांनी जे पाहिले तेच वहीत उतरले. गरिबी लपवावी असे आम्ही म्हणत नाही. पण गरिबी सोसणारा माणूस तिच्यातही शिवण घालतो, इस्त्री नसेल तर गरम पाण्याचा तांब्या कापडावरून फिरवतो. ही शिवण कुणी दाखवीत नाही.

त्यानंतर कोटाचा विषय निघाला. नऊ कोटांचे भाडे ३,६००. आम्ही लगेच मोठेपणाने बोललो की, बाबासाहेबांचा कोट विद्येचा होता, भाड्याचा नव्हता. इस्त्रीचे पांढरे शर्ट घाला आणि पैसे वाचवा. सर्वांनी माना डोलावल्या. फक्त रिक्षावाला मुलगा उठला. म्हणाला, "काका, तुम्ही कचेरीत पंख्याखाली बसता. माझ्या बापानं जन्मात कोट घातला नाही. लग्नातसुद्धा नाही. मला एकदा घालायचा आहे, आणि तो लोकांनी बघायला पाहिजे."

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही हिशेब पाहिला होता, त्या पोराची इच्छा पाहिली नव्हती. आजीला फाटके नको होते आणि याला कोट हवा होता, पण दोघांचे मागणे एकच होते हे आमच्या बी.कॉम. डोक्यात जरा उशिरा शिरले.

चित्रणाचे दोन दिवस

शिमगा आला की बेंजोवाले कुणाच्या हाती लागत नाहीत, म्हणून त्याआधी १ आणि २ मार्चला चित्रण ठरले. आम्ही पुन्हा रजा टाकून गेलो. तायडीने सारी वही नव्याने लिहिली होती.

शनिवारी सकाळी सातला मांडवीवर पोहोचलो. ऊन तिरपे असताना चेहरे चांगले दिसतात, म्हणून सकाळचे पहिले दोन तास आणि संध्याकाळचे शेवटचे दोन तास एवढेच काम. चित्रणाच्या वेळी मुलीला मोठ्याने गावे लागत नाही. आधी ध्वनिमुद्रित केलेले गाणे स्पीकरवर लावतात, त्याबरोबर ओठ आणि हात चालवायचे. पण अण्णा म्हणाले, "खोटं वाजवाय मला येत नाय." त्यांनी खरीच थाप मारली, आणि म्हणूनच त्यांच्या हाताच्या शिरा कॅमेऱ्यात खऱ्या दिसल्या.

एक गोष्ट मात्र वहीत लिहायची राहिली होती, ती म्हणजे भरती. नुकतीच अमावस्या होऊन गेलेली, म्हणजे उधाणाचे दिवस. अशा दिवसांत आमच्या किनाऱ्यावर भरती दुपारच्या सुमारास पुरी होते आणि रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते. साडेनऊला पाणी चढू लागले आणि बघता बघता तिकाटणे भिजले. बंदरावरची एक कोळीण ओरडली, "अगो, पेटी उचल आधी!" बेंजो वाचला. समुद्राकाठी जन्मलेली आमची मुले, पण भरतीचे गणित त्यांना कोळणीने शिकवले. दुसऱ्या दिवसाची वेळ तिलाच विचारून ठरविली.

त्या संध्याकाळी सडा. पोरांचे इस्त्रीचे पांढरे शर्ट, गळ्यात एकाच ताग्यातून बेतलेले निळे रुमाल. मोटार नाही, काळे चष्मे नाहीत. मध्यभागी रिक्षावाला मुलगा निळ्या कोटात. भाड्याचा नव्हे. चुलतभावाच्या लग्नातला कोट वाडीच्या शिंप्याने दोन दिवसांत खांद्यात आत घेऊन दिला. चित्रण चालू असताना त्याचा बाप लांब कातळावर बसून पाहत होता. तो काही बोलला नाही. चित्रण संपल्यावर त्याने मुलाच्या कोटाचे वरचे बटण लावले, इतकेच.

रविवारी आजीचा प्रसंग. विहाराच्या ओटीवर, जांभ्याच्या भिंतीला टेकून. शेणाची पाटी नाही. आजी आपले ठेवणीतले निळ्या काठाचे पातळ नेसून बसली आणि गाणाऱ्या मुलीला नऊवारी नेसवू लागली. निऱ्या घालताना तिची बोटे थरथरत होती, पण काठ घोट्यावर बरोबर बसला. कॅमेरा फक्त हातांवर आणि पावलांवर. तायडीने तो प्रसंग एकदाच घेतला, पुन्हा घेतला नाही. आम्ही विचारले, "आणखी एकदा नको का?" ती म्हणाली, "आजी नाटक करत नव्हती, काका. दुसऱ्यांदा ते नाटक होईल."

मंडळाला हिशेब दिला तो येथेही देतो, कारण इतर वाड्यांतल्या मुलांना उपयोगी पडेल. टेम्पो ४,०००. वीस माणसांचे दोन दिवसांचे जेवणखाण ५,२००. दिवे व माईक भाडे २,५००. कापड व शिलाई १,६००. इस्त्री व किरकोळ ४५०. एकूण १३,७५०. शिल्लक १,२५०, ती जमा केली. जेवणाचा आकडा मोठा दिसतो, पण तिथे काटकसर करू नये. उपाशी वाजवणाऱ्याचा हात कॅमेऱ्याला लगेच कळतो.

गाणे १४ एप्रिलच्या आदल्या रात्री विहारात पडद्यावर दाखविले. गाणे चालू असताना बायका आजीकडे बघत होत्या आणि आजी पडद्यावरच्या आपल्या हातांकडे. शेवटी नावे आली. ढोलकी, ताशा, पॅड, बेंजो, एकेकाचे नाव. अण्णा चाळीस वर्षे वाजवताहेत, पण त्यांचे नाव लिहिलेले त्यांनी प्रथमच पाहिले. आणि यादीत शेवटी लिहिले होते, वेशभूषा, आणि पुढे आजीचे पूर्ण नाव.

सभेत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर राहिले. हा खर्च कोणत्या खात्याला टाकला? आम्ही तो शिक्षण खात्याला टाकला. मार्चच्या सभेत ज्येष्ठ सभासदांनी विचारले, शिक्षण कुणाचे? आम्ही म्हणालो, पोरांचे थोडे आणि खजिनदाराचे जास्त. त्यावर त्यांनी हिशेबावर सही केली.

वाचकहो, तुमच्याही घरी कुणी पोर कॅमेरा घेऊन गाण्याच्या मागे लागले असेल. त्याला हसू नका. त्याला एवढेच विचारा की, आपल्या माणसांना कोणते कपडे घालणार आहेस, आणि ते त्यांना विचारून ठरवले आहेस ना?